भिवंडीएन्सिस

पिंपरीला मिळालं, मग भिवंडीनेच काय घोडं मारलंय, या एका विचाराने मी बुरशीच्या नादाला लागलो. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी एका जीवाणूचं नाव 'स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना' असं ठेवलं. त्याच्यापासून हमायसिन हे बुरशीवरचं औषध निघालं आणि लॅटिनमध्ये पिंपरी अजरामर झाली. आमच्या वाट्याला काय, तर अंजूर फाट्याचा ट्रॅफिक. तेव्हा एखादी 'अमुकतमुक भिवंडीएन्सिस' शोधायची आणि तिच्या शेपटाला शोधकर्ता म्हणून आपलं आडनाव लावायचं, एवढीच माझी माफक इच्छा. हजेरीपटाच्या मागच्या पानावर मी ते तिरप्या अक्षरांत लिहूनही पाहिलं होतं. छान दिसत होतं.

त्यासाठी पुण्याला जाऊन पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. पूर्वी बुरशी ओळखायची तर ती बशीत वाढवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मान मोडेपर्यंत बसायचं. आता नमुन्यातला सगळा डीएनए एकदम काढायचा, त्यातला आयटीएस नावाचा तुकडा (बुरशीची ओळखखूण म्हणून 2012 साली याचीच निवड झाली) वाचून घ्यायचा आणि एस्टोनियातल्या तार्तू शहरातून चालणाऱ्या 'युनाइट' नावाच्या नोंदवहीशी जुळवायचा. काटेकोरपणे बोलायचं तर याला मेटाबारकोडिंग म्हणतात, मेटाजिनोमिक्स नव्हे. पण 'मेटाजिनोमिक्स'चा बॅनर छापून झाला होता.

तिथे कळलं की ज्या सॉफ्टवेअरचं स्पेलिंग क्यू, आय, आय, एम, ई असं आहे त्याला 'चाइम' म्हणायचं. मी दोन दिवस 'क्वीमे' म्हणत होतो. तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्यांना दुरुस्त करू लागलो. आणखी एक कळलं. वाचलेल्या प्रत्येक अक्षरासाठी यंत्र आपल्या खात्रीचं एक चिन्ह टाकतं. इंग्रजी 'आय' आला की चाळीस गुण, म्हणजे दहा हजारांत एखादी चूक. आणि उद्गारचिन्ह म्हणजे शून्य. माझ्या बायोडेटात अकरा उद्गारचिन्हं आहेत.

परत आल्यावर मी कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळा लावली. विद्यार्थी चौदा, चालू संगणक नऊ. पहिला दीड तास मी तंबूची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा ती पाठ म्हणतो, पण कापडाच्या गावात ती सांगायची नाही तर कुठे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य सॉलोमन बेटांवर उतरलं. जपान्यांशी लढाई होतीच, पण पाठीमागून वेगळीच आघाडी उघडली. सुती तंबू कुजायला लागले, गणवेश विरायला लागले, पट्टे गळायला लागले. शेवटी सैन्याच्या पुरवठा खात्याने शत्रू पकडून आणला. एका तंबूवरची हिरवट बुरशी. तिला क्रमांक दिला क्यूएम 6ए, कैद्याला देतात तसा. हेतू एवढाच, की हिचा बंदोबस्त करायचा. पण एल्विन रीझ वगैरे मंडळींनी पाहिलं की ही बया कापसाची साखर करून खाते आणि त्यासाठी लागणारं विकर भरभरून सोडते. मग कोणाला फाशी आणि कसलं काय! तिलाच नोकरी मिळाली. पुढे रीझसाहेबांवरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीझाय. कारखान्यांतून आज तिचे जे जे वाण राबतात ते सगळे त्या एका तंबूचे वंशज. आणि करतात काय? नव्याकोऱ्या जीन्स जुन्या दिसाव्यात म्हणून अशीच विकरं वापरून त्या उजळवतात. म्हणजे जी सुती कापडं खाते म्हणून पकडली, तिलाच आता कापड थोडं थोडं खायचे पैसे मिळतात. इथे मी दरवेळी थांबून हशाची वाट पाहतो. यंदा फक्त शिपाई हसला, तोही अर्धा सेकंद आधी.

मग आला निकाल. शहरातल्या एका लूमच्या भिंतीवरचा ओलसर रुवा खरवडून मी स्वतः डीएनए काढला होता आणि वाचायला बाहेर पाठवला होता. पडद्यावर रंगीत पट्ट्या उमटल्या. सगळ्यात उंच पट्टी कुणाची, तर मलासेझियाची.

मलासेझिया माणसाच्या डोक्यावर राहते. कोंडा होतो त्यात तिचा हात असतो.

वर्ग गप्प. मागच्या बाकावरच्या मुलीने, जिच्या घरी सहा लूम आहेत, हात वर केला. "सर, रिकाम्या नळीचा नमुना कुठाय?" डीएनए काढताना एक नळी मुद्दाम काहीच न घालता चालवायची असते, म्हणजे आपल्या हातून काय काय सांडलं ते कळतं. पुण्यात हे तीनदा सांगितलं होतं. पण नुसतं पाणी वाचून घ्यायला पैसे मोजायचे, हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटलं नव्हतं. आता तो कोंडा लूमवाल्यांचा की माझा, हे सिद्ध करायला पुरावाच नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी तेच सांगतेय. त्याला यंत्र कशाला लागतं?"

त्या रात्री वडील आठवले. ते सायझिंगमध्ये होते. ताण्याच्या सुताला खळ लावायची, सुकवायची, बीमवर गुंडाळायची. पावसाळ्यात खळ म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट. शेजारच्या लूमवर गेले की ते ताक्याला नाक लावत आणि म्हणत, "कुबट झालाय. परवापर्यंत डाग उठेल." उठायचाच. मग 'डॅमेज' म्हणून कुणाच्या तरी मजुरीतून पैसे कापले जायचे. आधी सांगणाऱ्याला कुणी विचारत नसे. त्यांच्या नाकाला प्रमाणपत्र नव्हतं. माझ्याकडे पाच दिवसांचं आहे, लॅमिनेट केलेलं.

राग येतो तो यासाठी. पृथ्वीवर बुरशीच्या 22 ते 38 लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि नावं पडलीत जेमतेम दीड लाखांना. यंत्र नाव शोधत नाही, फक्त जुळवतं. आधी कुणीतरी ती बुरशी हाताने वाढवून, निरखून, पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संग्रहासारख्या ठिकाणी ठेवलेली असावी लागते. ते काम मान मोडून करणारे एकेक करून निवृत्त होताहेत आणि आम्ही आज्ञा पाठ करून तज्ज्ञ म्हणवून घेतोय. माझ्या आलेखात मलासेझियाच्या खालोखाल एक राखाडी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं 'अनोळखी'. माझं सगळं लक्ष नावावर, म्हणून मी ती पाहिलीच नव्हती.

परवा पुन्हा नमुना घेतला. या वेळी रिकामी नळी आहे, बशा आहेत, आणि माझ्या डोक्यावर बायकोने दिलेली शॉवर कॅप. मागच्या बाकावरच्या मुलीने घरून ग्रे कापडाची चिंधी आणली होती, निर्जंतुक पिशवीत. पिशवी उघडली आणि न कळत मी चिंधी नाकाशी नेली. तोच वास. मी आणखी वाकलो.

"सर," ती ओरडली, "टोपी सरकली!"