सीट खाली, गुडघे वर

मांजरसुंब्याचा घाट चढताना माणूस वर जातो, हा माझा जुना समज. गेल्या दिवाळीनंतर तो डळमळला. बीडहून पहाटे सायकलवर निघालो तेव्हा पाय ताणून मोठ्या ऐटीत बसलो होतो. पाली मागे पडली, तशी गुडघे जरा जास्तच वाकताहेत अशी शंका आली. अर्ध्या घाटात तर मी धाकट्या भावाची सायकल पळवून आणल्यासारखा दिसत असणार. शेजारून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचा ट्रॅक्टर कण्हत चढत होता. ट्रॉलीत भांडीकुंडी, एक शेळी, पोरंबाळं आणि सगळ्यांच्या वर गाठोड्यावर बसलेली एक आजी. ती ओरडली, "आरं, शीट वर घे की! गुडघे हनुवटीला लागायलेत!" सहा महिन्यांसाठी घरदार उचलून निघालेल्या बाईला माझ्या गुडघ्यांची काळजी पडावी, याची लाज वाटली. थोडं बरंही वाटलं.

सायकल कार्बनची आहे. जुनी घेतलेली, पण कार्बनची. एका हाताने सहज उचलता येते. एवढे पैसे मोजून एवढी हलकी वस्तू आणणारा माणूस डोक्यानेही हलकाच असणार, असं घरात मत आहे. मी वाद घालत नाही.

लोखंडी सायकलची सीट खाली बसायला लागली की उपाय ठरलेला. पाना घ्यायचा आणि दातओठ खात आवळायचं. त्यानेही भागलं नाही तर मध्ये पत्र्याची पट्टी सरकवायची. बार्शी नाक्यावरच्या मिस्त्रीनेही सीटखालच्या पकडीला हात घालत विचारलं, "सर, आणखी आवळू का?" मी जवळजवळ ओरडलोच. त्या पकडीवर बारीक अक्षरांत छापलंय : ५ न्यूटन-मीटर. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला अडीच किलोचं वजन टांगावं, एवढाच जोर. आपल्याकडे एवढ्या जोराने बरणीचं झाकणसुद्धा कुणी लावत नाही.

हे मिस्त्रीला कसं समजवावं? शेवटी सीताफळ मदतीला आलं. आमच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते पिशवीत कसं ठेवावं हे शिकवायला मानांकन लागत नाही. वरून चिलखत घातल्यासारखं दिसतं. जरा दाबलं की बोटं आत. कार्बनच्या नळीचंही तसंच. राळेत बसवलेले कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने भलता ताण सोसतात; चारी बाजूंनी चिमटा काढला की नळी आतून चिरते, आणि पुष्कळदा वरून कळतही नाही. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "मंग हे आवळायचंबी नाही, सोडायचंबी नाही. अवघडच हाय की."

त्याने सीटची दांडी नळीतून उपसून बाहेर काढली. बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, ग्रीस कुणी लावलंय?"

ग्रीस मीच लावलं होतं. मागच्या रविवारी, बोटभर, प्रेमाने. लोखंडाच्या दांडीला ग्रीस लावायचं, नाहीतर ती गंजून आत कायमची बसते, हे मला लहानपणी वडिलांनी शिकवलेलं. कार्बन गंजत नाही, हे शिकवायला तेव्हा कार्बनच्या सायकली नव्हत्या. वडिलांवर ढकलायची सोय आहे, म्हणून ढकलतो.

मग कार्बनसाठीची पेस्ट मागवली. ट्यूब बघून बायको म्हणाली, "दातांचं दिसतंय." बोटावर घेतलं तर खरखरीत, थेट मिसरीसारखं. त्यात बारीक कण असतात. ते दांडी आणि नळीच्या मध्ये रुतून बसतात आणि कमी आवळूनही पकड येते. ते चोळताना मला आमच्या आजीचं जातं आठवलं. गुळगुळीत झालेल्या जात्यात दाणे नुसते घसरतात, पीठ पडत नाही. मग टाकी लावणारा गल्लीतून हाक देत यायचा, आणि सगळी दुपार ठकठक ऐकू यायची. चांगला घासून गुळगुळीत झालेला दगड हा माणूस पैसे घेऊन खराब का करतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ट्यूबची किंमत पाहता टाकीवाला फार स्वस्तात काम करून जायचा.

स्पिरिटने सगळं ग्रीस पुसलं, पेस्ट लावली, टॉर्क पाना 'कट्' वाजेपर्यंतच फिरवला. दांडीवर जिथे ती नळीत शिरते तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केली. तरी रात्री एकदा उठून बघितली.

पुढच्या रविवारी पालीला थांबून वाकून पाहिलं. चिकटपट्टी जिथल्या तिथे. घाटाच्या मध्यावर पुन्हा पाहिलं. केसभरही हलली नव्हती. पाय व्यवस्थित ताणले जात होते, गुडघे हनुवटीपासून सुरक्षित अंतरावर होते, आणि दम मात्र गेल्या वेळेइतकाच, त्याच वळणावर लागला. खाली उतरून सायकल कठड्याला टेकवली. आता कुणाला दोष द्यावा ते सुचेना, म्हणून टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून चार सीताफळं घेतली.

"दाबू नका हां," मावशी म्हणाल्या.