निकाल राखून ठेवला आहे

नानांचे मनगट ज्याच्या नाकाखाली एकदा तरी आले नाही, असा इसम दिंडोरीत एक तर नुकताच बदलून आलेला सरकारी नोकर असावा किंवा पडशाने बेजार झालेला असावा. महसूल खात्यात अव्वल कारकुनीपर्यंत चढून निवृत्त झालेले हे गृहस्थ रस्त्यात भेटले की नमस्कारासाठी हात जोडीत नाहीत. सदऱ्याची बाही वर सारून मनगट पुढे करतात, आणि आपण बाजाराला निघालेलो असू, दवाखान्याकडे निघालेलो असू, की वणीची एस.टी. गाठण्यासाठी धावत असू, "घ्या वास, पण मत देऊ नका, अजून बसायचंय ते," असे फर्मावून आपल्याला जागच्या जागी स्थानबद्ध करतात.

मनगटावर असतो तो शमामा. गुलाब, मोगरा, केवडा हे नानांच्या लेखी उमेदवार. कायम नेमणूक फक्त शमाम्याची. कनोजच्या अत्तरवाल्यांनी तांब्याच्या देगेत लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी, दगडफूल असा कोणत्याही गृहिणीच्या मसाल्याच्या डब्याला लाजवील इतका ऐवज शिजवावा, त्याची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात दिवसानुदिवस जिरवावी, तेव्हा हे अत्तर सिद्ध होते. प्रकृतीने उष्ण म्हणून ते थंडीत लावावयाचे असा शिष्टसंप्रदाय आहे. नाना ते भर वैशाखात लावतात, कानात फाया ठेवतात, आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून धुपाटण्यात ऊद, गुग्गुळ नि राळ जाळून त्या धुरावर सदरा धरून घेतात. परिणामी नाना येण्यापूर्वी त्यांची वर्दी येते आणि ते गेल्यावर त्यांचे दप्तर मागे राहते.

आता, अत्तरातले हलके घटक अगोदर उडून जातात आणि चंदन-राळेसारखे जड घटक मागाहून बोलू लागतात, हे रसायनशास्त्र निर्विवाद आहे. सबब अशा अत्तराची परीक्षा घटकाभरात होत नाही, हेही मान्य. परंतु या साध्या सत्याचा नानांनी रीतसर मुकदमा करून टाकला आहे. त्यांच्याजवळ एक लांबट, लाल कापडी पाठीची वही असते. तीत मी स्वतः वाचलेली एक नोंद अशी : "सायंकाळी ५, लवंग हजर, आरडाओरड करीत आहे. ५.४०, जायफळाने कब्जा घेतला. ७, उदासारखे कोणी दाखल, ओळख पटली नाही. ९, मागे चंदन उभे असल्याचा संशय. निकाल राखून ठेवला आहे." पुढचे पान उलटले, तेथेही तेच, त्यापुढचेही तेच. वही भरत आली, पण एकाही अत्तराचा निकाल लागलेला नाही.

एका लग्नात मुलीच्या बापाने हौसेने अत्तरदाणी फिरविली. नानांनी बोट लावले, हुंगले, डोळे मिटले. भटजी अंतरपाट धरवून तिष्ठत, अक्षता लोकांच्या मुठीत घामेजत, आणि यजमान बिचारा "कसं आहे, नाना?" म्हणून समोर उभा. नाना गंभीरपणे म्हणाले, "मंगलाष्टकं होऊ द्या. पंगतीनंतर बघू." पंगत उठली, वरात गेली, यथावकाश त्या दांपत्याला मुलगा झाला, निकाल राखूनच आहे. गुरुवारी स्वामी समर्थ केंद्रातल्या आरतीला डोळे मिटून निश्चल उभे असलेले नाना समाधीत गेले, असे समजून एका माउलीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. नाना त्या वेळी धुपातल्या गुग्गुळाचे प्रमाण ठरवीत होते.

त्यांचा खरा सल निराळाच. आमच्या तालुक्यातली द्राक्षे आता वाइन होऊन हिंडतात; सुला कंपनीने तर आपल्या एका शिराझला 'दिंडोरी रिझर्व्ह' असे गावाचेच नाव दिले आहे. पेल्यात नाक खुपसून "मिरी आहे, लाकूड आहे, किंचित धूर आहे," असे पुटपुटणाऱ्या माणसास जग रसिक म्हणते. "आणि मी मनगट हुंगलं, की मला चळ लागला!" नाना उसळतात. मग वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीस स्वतंत्र अध्याय दिल्याचे, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोड्यांनी गंगाधराच्या 'गंधसारा'सोबत मराठी टीका असलेला 'गंधवाद' हा ग्रंथही अभ्यासकांच्या नजरेस आणल्याचे पुरावे दाखल होतात. छाटणीनंतर बागांवर फवारलेल्या औषधांचा आणि भुरीसाठी मारलेल्या गंधकाचा दर्प साऱ्या शिवारावर पसरतो, तेव्हा तर नाना परागंदा झाल्यासारखे घरात बसतात. त्यांचे म्हणणे एकच : या गावाला नाक होते, ते गहाण पडले. ते अगदीच खोटे आहे असे म्हणवत नाही, ही माझी अडचण.

त्यांच्याच कचेरीतला एक जुना शिपाई बरेच महिने अंथरुणास खिळून होता. पाठीला जखमा झालेल्या. भेटीस येणारे उंबऱ्यातूनच ख्यालीखुशाली विचारून, पदर किंवा रुमाल नाकाशी नेत परतत. नाना निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर मीही होतो. दाराशी रांजणातल्या पाण्याने त्यांनी मनगटे खसाखसा धुतली, कानातला फाया काढून टाकला, आणि सरळ जाऊन खाटेच्या काठावर, उशाशी, चांगले तासभर बसले. आम्ही निघताना तो शिपाई हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, खरं सांगा, लई वास मारतोय का हो माझा?"

नानांनी शमाम्यासाठी घेतात तसा दीर्घ श्वास घेतला. माझ्या पोटात गोळा आला. आता हे गृहस्थ मुदत मागणार! पण नाना तत्काळ म्हणाले, "छे. साबणाचा येतोय थोडा."

बाहेर आल्यावर मी विचारले, "नाना, आज निकाल एकदम हातोहात?"

"निकाल कुठला? तो दाखला," नाना बाही खाली ओढीत म्हणाले. "मागणाऱ्याला दाखला त्याच दिवशी द्यावा."

नोकरीत असताना हे तत्त्व त्यांनी एकदाही पाळल्याचे तालुक्यात कोणास स्मरत नाही. नाशिकहून माझ्या पदरच्या पैशांनी त्यांच्यासाठी आणलेल्या तोळाभर शमाम्याची रक्कम तर आजतागायत येणे आहे. निकालाखेरीज बिल मंजूर करता येत नाही, असा त्यावर त्यांचा शेरा आहे.