अक्षर जुळले तरी आपलेच, न जुळले तरी आपलेच!

प्रति,
श्री. आल्फोन्स बेर्तियाँ,
माजी प्रमुख, ओळख विभाग, पॅरिस पोलीस.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्याकडे सध्या तज्ज्ञांचा सुकाळ आहे. या घराण्याच्या मूळपुरुषाला एकदा दंडवत घालावा, असे बरेच दिवस मनात होते. आपण १९१४ सालीच निवर्तलात, ही अडचण आहे खरी. पण आपल्याच पद्धतीने पाहिले तर पत्त्यावर माणूस नसणे हाच तो तिथे असल्याचा भक्कम पुरावा.

आधी आपले खरे मोठेपण सांगून टाकतो. १८७९ मध्ये आपण पॅरिस पोलिसांत साधे कारकून म्हणून लागलात. सराईत चोर दर खेपेला नवे नाव सांगतो, म्हणून त्याचे डोके, उजवा कान, डावे पाऊल, डाव्या हाताचे मधले बोट अशी अकरा मापे कार्डावर टिपायची युक्ती आपण काढलीत. आरोपीचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने घेण्याची शिस्तही आपलीच. बंगालच्या पोलिसांनीसुद्धा काही वर्षे आपली मापे घेतली. पुढे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसवले, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले आणि आपल्या मोजपट्ट्या अडगळीत गेल्या. असो.

पण कान मोजणाऱ्याला अक्षरही कळते, हे कोणी ठरवले? हस्ताक्षर हा काही आपला विषय नव्हता. १८९४ मध्ये जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून फ्रेंच लष्कराची गुपिते देऊ करणारी एक चिठ्ठी हाती आली. पातळ, चौकटींचा कागद, सही नाही. संशय कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर. ते ज्यू होते, हे संशय घेणाऱ्यांना पुरेसे होते. बँक ऑफ फ्रान्सचे अक्षरतज्ज्ञ गोबेर म्हणाले, हे अक्षर दुसऱ्या कोणाचेही असू शकेल. झाले! शंका काढणाराच संशयास्पद ठरला. मग आपल्याला पाचारण झाले आणि आपण त्याच दिवशी ‘अक्षर ड्रेफसचेच’ असा निर्वाळा देऊन मोकळे झालात. सरकारला असा तत्पर माणूस आवडतो.

आपली खरी प्रतिभा त्यानंतर फुलली. चिठ्ठीतले अक्षर जिथे ड्रेफसशी जुळत होते, तिथे ते अर्थातच ड्रेफसचे. आणि जिथे जुळत नव्हते? तिथे ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली होती, मधूनमधून भावाच्या आणि बायकोच्या अक्षराच्या लकबी घालून, म्हणजे पकडला गेलोच तर ‘कोणीतरी माझे अक्षर गिरवले’ असे म्हणता यावे! या सिद्धान्ताचा नकाशाही आपण काढलात, बुरूज-तटांसकट, एखाद्या किल्ल्यासारखा. सुतावरून स्वर्ग गाठणारे आम्ही पुष्कळ पाहिले. सुतावरून किल्ला बांधणारे आपणच. ड्रेफस अर्थातच दोषी ठरले.

आणि १८९६ चा तो प्रसंग! फ्रेंच लष्करातले लेफ्टनंट कर्नल पिकार यांनी नाव झाकून आपल्यापुढे एका पत्राचा फोटो ठेवला. आपण पाहताक्षणी ओळखलेत, हे तर चिठ्ठीचेच अक्षर. ते खरोखरच तसे होते, कारण पत्र त्याच लष्करातल्या मेजर एस्तरहाझीचे होते आणि चिठ्ठीही त्याचीच होती. आयुष्यात एकदा हस्ताक्षराचे निदान अचूक आले होते, साहेब. पण हे पत्र अलीकडचे आहे, असे कळताच आपण सावरलात आणि म्हणालात की ज्यूंनी वर्षभर कोणाला तरी हे अक्षर गिरवायला शिकवले असणार. पडलो तरी नाक वर, हे आम्ही नुसते म्हणतो; आपण ते करून दाखवलेत.

आपले व्यवसायबंधूही काही कमी नव्हते. एस्तरहाझीच्या खटल्यात तिघा अक्षरतज्ज्ञांनी चिठ्ठी त्याची नाही, असा निर्वाळा दिला आणि तो जानेवारी १८९८ मध्ये निर्दोष सुटला. एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना खुले पत्र लिहून या तिघांचे डोळे तपासून घ्या, असे सुचवले. तर तिघांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि भरपाईही वसूल केली! चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, तेव्हा निदान सुळी सुचवणाऱ्यांना वर बक्षीस मिळाले, अशी नोंद मला दुसरीकडे सापडली नाही. पुढच्याच वर्षी एस्तरहाझीने चिठ्ठी आपणच लिहिल्याचे छापून कबूल केले. तरीही रेन शहरातल्या फेरखटल्यात आपण तक्त्यांची चळत घेऊन हजर, आणि ड्रेफस पुन्हा दोषी.

शेवटी पॉइंकारे, दार्बू आणि आपेल या तीन गणितज्ञांनी आपली मापे नव्याने घेतली. १९०४ च्या त्यांच्या अहवालानुसार मापे चुकीची होती, अक्षरांवर लावलेले संभाव्यतेचे गणितही चुकीचे होते आणि सगळ्या कामाला शास्त्रीय मोल शून्य. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले. त्यांची चार वर्षे तोवर डेव्हिल्स आयलंडवर कैदेत गेली होती. आपले काय गेले? खुर्चीसुद्धा नाही. मरेपर्यंत ओळख विभाग आपल्याकडेच होता.

आपले वारस इकडे सुखरूप आहेत. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींचा अहवाल पुरावा म्हणून धरला. हा मेंदू घटना ‘अनुभवून’ बसला आहे, असे यंत्र म्हणाले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. निव्वळ अक्षरतज्ज्ञाच्या मतावर शिक्षा देणे धोक्याचे, हे तर त्याच न्यायालयाने १९७७ मध्येच बजावले होते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ४५ वे कलम आता नव्या कायद्यात ३९ वे झाले. तज्ज्ञाचे मत विचारात घ्या, असे ते आजही सांगते. मत चुकल्यास तज्ज्ञाचे काय करायचे, याबद्दल ते तेव्हाही मौन पाळून होते, आजही आहे.

तेव्हा एकच विनंती. वरच्या दरबारात गोबेर भेटले तर त्यांना आमचा नमस्कार सांगा. ‘दुसऱ्या कोणाचेही असू शकेल’ एवढे म्हणणारा माणूस आम्हाला साक्षीदार म्हणून हवा आहे. फी आपल्याएवढीच देऊ. आणि या पत्राचे उत्तर धाडलेत तर कृपा करून टाइप करून धाडा. हस्ताक्षरात आले, तर ते आपलेच आहे हे ठरवायला इथे तज्ज्ञ बोलवावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक साशंक वाचक