रात्रशाळा

शाळा, भूत आणि प्रेम या तिन्हींची मिळून जी इंग्रजी कादंबरी होते, तिची कृती आता जगभर ठरून गेली आहे. शाळा गावापासून लांब हवी. तिला वसतिगृह हवं, दगडी भिंत हवी आणि बारमाही धुकं हवं. सोळा वर्षांची एक मुलगी ऐन सत्राच्या मध्ये तिथं दाखल होते. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्टचे फोटो यांतलं काहीही न मागता तिला प्रवेश मिळतो, आणि कादंबरीतला पहिला चमत्कार तो हाच. मागच्या बाकावर एक मुलगा बसलेला असतो. रंगानं पांढराफटक, बोलायला तुटक, डबा कधी उघडत नाही. तिसऱ्या प्रकरणात कळतं की तो माणूस नाही. चौथ्यात कळतं की मुलीची त्याला काही हरकत नाही.

माझी भाची इस्लामपुरात अकरावी सायन्सला आहे आणि सध्या तिचा पिंड असल्या कादंबऱ्यांवर पोसतो आहे. मी माहेरी गेले की संध्याकाळी ती मला गच्चीवर गाठते आणि वाचलेलं सांगते. मांडीवर ‘नीट’चं जाडजूड पुस्तक उघडं असतं, पुस्तकात पेशीच्या आकृतीवर फोन असतो आणि फोनमध्ये रक्तपिपासू. बायोलॉजी चालू आहे असं घरात सगळ्यांना वाटतं. रक्ताचाच विषय असल्यामुळं ते अगदीच खोटं म्हणता येत नाही.

आता चालू आहे ‘हाउस ऑफ नाइट’. पी. सी. कास्ट आणि क्रिस्टिन कास्ट या मायलेकींनी मिळून ही मालिका लिहिली. पहिला भाग २००७ साली आला आणि गाडी बारा भागांवर जाऊन थांबली. आमच्याकडं मायलेकींनी मिळून लिहायची गोष्ट म्हणजे किराण्याची यादी, आणि तीही भांडल्याशिवाय पुरी होत नाही. त्यामुळं मला पहिलं कौतुक वाटलं ते त्या दोघींचं. कथा अशी की ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात व्हॅम्पायरांची एक शाळा आहे. ती रात्री भरते. जिला तिथं जायचं असतं तिच्या कपाळावर एके दिवशी आपोआप निळी चंद्रकोर उमटते.

“आत्ती, ती खूण आली की जायलाच लागतं. घरात बसलं तर मरण.”

शेजारी माझी आई लसूण सोलत बसली होती. तिच्या दोन भुवयांच्या मधोमध हिरवट-निळ्या गोंदणाचा ठिपका आहे, हनुवटीवर आणखी तीन. वयानं कातडी सैल पडली तशी ठिपक्यांची कड थोडी पसरली आहे, पण रंग काही हटलेला नाही. सोलायचं न थांबवता ती म्हणाली, “आमच्याबी कपाळावर अशीच खूण आली आन् जायलाच लागलं. सासरी.”

याआधी भाचीचा ‘ट्वायलाइट’चा मोसम होऊन गेला. स्टेफनी मायर यांची ही २००५ सालची कादंबरी. तिच्यातली शाळा साधीच आहे, विद्यार्थी तेवढे अलौकिक. नायक एडवर्ड १९०१ साली जन्मला. १९१८ च्या इन्फ्लुएंझात तो शिकागोत मरायला टेकला होता, तेव्हा एका डॉक्टरनं चावून त्याला वाचवलं. तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे आणि शाळेतच जातो आहे. त्याच साथीला आपल्याकडं मानमोडी म्हणत. म्हणजे मानमोडीतून वाचलेला एखादा पणजोबा आज आपल्या पोरीशेजारी बाकावर बसलाय, असं हे प्रकरण आहे. शंभर वर्षं शिकून त्याचं भलं काय झालं, हा प्रश्न त्या कादंबरीत कुणी विचारत नाही. आमच्याकडं पहिल्याच दिवाळीला विचारला असता.

वयाची अडचण मात्र इथं आली नसती. आमच्या भागातल्या निम्म्याअर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकून दिली. एडवर्डला घेऊन कुणी आलं असतं तर गुरुजींनी १ जून लिहून, पोराच्या उंचीवरनं साल ठरवून, त्याला बिनबोभाट बसवून घेतला असता.

पण टिकला किती दिवस असता? ब्रॅम स्टोकर यांनी १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ लिहून या जमातीचे कायदेकानून पक्के करून ठेवले. लसूण चालत नाही. बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. उन्हात भस्म होण्याचं कलम पुढं सिनेमावाल्यांनी जोडलं. आता इस्लामपूर म्हणा की २०२५ च्या निर्णयाप्रमाणं ईश्वरपूर म्हणा, उन्हाला त्यानं फरक पडत नाही. एप्रिलात दुपारी बाराला इथली जिती माणसंसुद्धा रस्त्यावर दिसत नाहीत. त्याच दिवसांत घरोघरची वर्षाची चटणी डंकावर कांडायला जाते. किलोकिलोनं लसूण त्यात पडतो आणि अख्खी गल्ली शिंकत असते. शिवाय समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक कृष्णाकाठी बह्याला, दुसरा शिराळ्याला, आणि आमचं गाव दोघांच्या मधे. परदेशी पिशाच्चानं एवढा बंदोबस्त कधी पाहिला नसेल. राहता राहिली बोलावण्याची अट. तिथं मात्र आम्ही घात केला असता. उंबऱ्याबाहेर कुणीही घुटमळताना दिसलं की आतून हाक जातेच, “या की आत, च्या घ्या!”

आपल्याकडं भुतांचा दुष्काळ नाही. हडळ, जखीण, खवीस, वेताळ, चकवा, पाण्यातल्या आसरा, अशी मोठी पटसंख्या आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन पिढ्यांना रात्री एकट्यानं परसात जाऊ दिलं नाही. पण ते वाचून भूत आवडलं, असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. अपवाद मुंजाचा. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, की तो पिंपळावर बसतो. अर्धवट वयाचा, हट्टी, लग्न राहून गेलेला. २०२४ च्या आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ सिनेमात तर तो मेल्यावरही आपल्या मुन्नीच्या नावानं हटून बसलेला आहे. शाळा तेवढी जोडली की बारा भाग निघतील.

मुंजाची आणखी एक गंमत आहे. तो ब्राह्मणाच्याच घरचा असावा लागतो, कारण मुंज त्यांच्यात. ब्रह्मसमंधाचंही तेच. म्हणजे जीव सुटतो, देह सुटतो, पण जातीचा दाखला काही सुटत नाही.

म्हणूनच त्या इंग्रजी कादंबऱ्यांमधलं जे सगळ्यात अद्भुत म्हणून सांगितलं जातं, ते आमच्या गच्चीवर सगळ्यात लवकर समजलं. भाची आजीला समजावत होती, “आज्जी, हे व्हॅम्पायर. ते दुसरे लांडगे होणारे, वेअरवुल्फ. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. आणि माणसं वेगळीच. आणि हिचं तर दोघांवर...” आजीनं तिला मधेच थांबवलं. “कळलं. घरातली तयार न्हाईत.” पुढं एकाही टिपेची गरज लागली नाही. रक्त शुद्ध राखणं, आपल्यातच करणं, पळून गेल्यावर मागावर माणसं सोडणं, मग वडीलधाऱ्यांची बैठक. जंगलातली बैठक आणि भावकीतली बैठक यांत आईला फरक दिसला तो एकच : तिथं चहा सांगत नाहीत.

वेगवेगळ्या जमातींची मुलं एका छपराखाली ठेवून शिकवणारी शाळा, ही कल्पनाही आमच्या वाळवे तालुक्याला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचं ऐतवडे बुद्रुक याच तालुक्यात. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह चालू केलं. सगळ्या जातींची पोरं तिथं एका पंगतीला बसून जेवू लागली. बाहेरच्या जगाला तेव्हा तो प्रकार रात्री भरणाऱ्या शाळेपेक्षा भयंकर वाटला असेल. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं. अलौकिक शाळा म्हणायची तर तिला म्हणावं. तिथं धुकं नव्हतं, भाकरी होती.

मला विचाराल तर या कादंबऱ्यांतला खरा जादूचा भाग रक्त पिण्याचा नव्हे. नायक आणि नायिका कँटीनमध्ये समोरासमोर अर्धा तास बोलत बसतात आणि त्या अर्ध्या तासात एकही ओळखीचा माणूस मोटारसायकल थांबवून “काय गं, तू अमक्याची न्हवं?” असं विचारत नाही. हे मला पटत नाही. भुतावर विश्वास ठेवता येतो, यावर नाही. क्लास सुटल्यावर पोरींनी गांधी चौकात पाणीपुरी खाल्ली तर त्या घरी पोचायच्या आत प्लेटा किती झाल्या ते आईला कळलेलं असतं. एडवर्डला म्हणे दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. ती विद्या आमच्या आळीत निदान प्रत्येक दुसऱ्या दारात आहे, आणि तिच्यासाठी कुणाला चावून घ्यावं लागलेलं नाही.

लपायला धुकं नाही म्हणावं तर ऊस आहे. माणूस आत शिरला तर दिसत नाही इतका उंच. पण हंगाम चालू झाला, साखराळ्याच्या कारखान्याचा भोंगा वाजला, टोळ्या फडात उतरल्या की बघता बघता सगळं शिवार मोकळं होतं आणि चारी दिशांना फक्त पाचट. सहकारानं या भागाचं पुष्कळ भलं केलं, पण प्रेमकथेचं नेपथ्य दर वर्षी तोडून नेलं.

त्या दिवशी भाचीच्या फोनची बॅटरी संपली आणि “आत्ती, तूच एखादी सांग” म्हणून ती मागं लागली. मी तिला आपल्याकडची सांगितली. एक शाळा आहे, राक्षसांची. हेडमास्तर शुक्राचार्य, आणि मेलेल्याला उठवायची संजीवनी विद्या त्यांना एकट्यांना येते. शत्रूच्या गोटातला, देवांच्या गुरूचा मुलगा, कच, तिथं नाव घालतो. कोर्स हजार वर्षांचा. हेडमास्तरांच्या मुलीचं, देवयानीचं, त्याच्यावर मन बसतं. पोरं रॅगिंग करतात आणि त्याला मारून लांडग्यांना घालतात. देवयानी बापाकडं हट्ट धरते, बाप त्याला उठवतो. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतो. तिसऱ्यांदा त्याला जाळून ती राख दारूत कालवून हेडमास्तरांनाच पाजतात. आता उठवावं तर तो मास्तरांचं पोट फाडूनच बाहेर येणार. मग मास्तर पोटातल्या पोटात त्याला विद्या शिकवतात. तो बाहेर येतो, मास्तर मरतात आणि विद्यार्थी मास्तरांना उठवतो.

भाची फोन चार्जिंगला लावायचा विसरली होती. “हे कुणी लिहिलं?”

महाभारतातलं, म्हणून सांगितलं. आणि आपल्याच जिल्ह्यातलंही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. त्यांनी यावर १९१३ साली ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक लिहिलं, त्यात दारूचा चांगलाच समाचार घेतला. पुढचा भाग हवा असेल तर वि. स. खांडेकर, तेही जन्मानं सांगलीचे. त्यांची ‘ययाति’ १९५९ ची, आणि त्यांना ज्ञानपीठ मिळालं १९७४ साली.

“मग लग्न झालं का दोघांचं?”

नाही झालं. देवयानीनं विचारलं तर कच म्हणाला, मी तुझ्या वडलांच्या पोटातून आलो, म्हणजे तू माझी बहीण लागतेस.

भाची गच्चीवर उभीच राहिली. राखीला घाबरणारी पोरं तिनं पाहिली होती, पण स्वतःच राखी पुढं करणारा हा पहिलाच. देवयानीनं त्याला शाप दिला, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, न फळो, मी ज्यांना शिकवीन त्यांना फळेल.

“म्हणजे शेवटी क्लासच काढला म्हण की,” भाची म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसून तिनं विचारलं, “पण आत्ती, देवयानी तर घरातच होती. तिला का नाही शिकवली?”

याला उत्तर नव्हतं. शुक्राचार्यांना ते सुचलंच नाही. तिनं फक्त बापाजवळ रडायचं होतं. टल्साच्या कादंबरीत चंद्रकोर उमटते ती मुलीच्या कपाळावर. शाळेत जाते ती, विद्या मिळते ती तिला, आणि पोरं आळीपाळीनं दारात ताटकळतात. बारा भाग झोप मोडून का वाचावेत, ते मला तेव्हा उमगलं. रक्तपिपासू निमित्ताला आहेत.

आईनं सोललेल्या पाकळ्या वाटीत भरल्या आणि सालपटं झटकली. “तिला शिकिवली असती तर,” ती म्हणाली, “बापाला उठवायच्या आदी तिनं दारू सोडायची शपथ घालून घेतली असती.”