नाना आणि मायक्रॉन

आमच्या सोसायटीत नवी काळी गाडी घेणाऱ्याचं अभिनंदन सगळे करतात, नाना सोडून. नाना अ‍ॅव्हरेज विचारत नाहीत, किंमत विचारत नाहीत. खिशातला टॉर्च काढून बोनेटवर तिरका धरतात आणि म्हणतात, "अरेरे. शोरूममध्येच पुसली वाटतं."

मग ते जाळं दाखवतात. बारीक बारीक, गोल गोल ओरखडे. ओरखडे खरं तर सगळ्याच दिशांना असतात. उजेडाच्या ठिपक्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं वाटतं. हे ऐकेपर्यंत मालकाला काहीही दिसत नसतं. त्यानंतर दुसरं काहीच दिसत नाही.

नाना भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, त्यामुळे मिलिमीटर हे त्यांना ढोबळ माप वाटतं. निवृत्तीनंतर त्यांनी पॉलिशिंगचं मशीन घेतलं आणि पहिल्या वर्षी पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी असे सगळे मुहूर्त साधले. गाडी अशी झाली की तळमजल्यावरच्या बाळाला स्वतःचा चेहरा पहिल्यांदा तिच्या दारात दिसला.

मग त्यांच्या हाती रंगाची जाडी मोजायचं यंत्र आलं. कंपाउंड, म्हणजे भरड पॉलिश, मारण्याआधी आणि नंतर त्यांनी बोनेट मोजलं. तीन मायक्रॉन गेले होते! रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा; डोक्याचा केससुद्धा त्याहून जाड. उन्हापासून रंग राखायचं काम त्याच थराचं. पॉलिश ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं घासून खाली आणतं. हे नानांना माहीत होतंच, पण आकडा डोळ्यांसमोर आल्यावर त्या रात्री ते जेवले नाहीत. मशीन माळ्यावर गेलं. एक वही निघाली. तीत प्रत्येक पत्र्याचे मायक्रॉन आहेत. खर्चाची बाजू आहे, जमेच्या बाजूला कधीच काही नसतं. बंपरचं पान कोरं आहे. तो प्लास्टिकचा, त्यावर ते यंत्र चालत नाही, आणि याचा नानांना राग आहे.

"नाना, वर्षातून किती वेळा पॉलिश करावं?" मी एकदा विचारलं.

"कॅलेंडर बघून करायला ती काय एकादशी आहे? आधी धुणं सुधार. नीट धुतलीस तर दोन-तीन वर्षांनी एक हलका हात पुरतो, नाही लागला तर त्याहून उत्तम. आधी वीतभर जागेवर करून बघायचं. साध्या पॉलिशनं भागलं तर कंपाउंड उघडायचं नाही. कडांवर जपून, तिथे रंग पातळ. आणि नखाला अडकेल असा ओरखडा आपला म्हणायचा."

मूळ दुखणं पहाटे येतं. गाड्या पुसणारा मुलगा एक बादली, एक फडका घेऊन अख्खी रांग उरकतो. पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर फिरते. नानांनी त्याला दोन बादल्यांची शिकवणी दिली: एकीत शांपू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी, तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली कचकच वर येत नाही. कोरडा फडका तर बंदच. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमची तुम्हीच धुवा." मला दोघंही बरोबर वाटतात.

दसऱ्याला नानांचा बायकोशी, म्हणजे काकूंशी, तह झालेला आहे. कुंकवाचं स्वस्तिक काचेवर. झेंडूची माळ वाऱ्यानं बोनेटवर घासते म्हणून ती आत, डॅशबोर्डवर. मंडईत नाना बसनं जातात, कारण तिथे गाडी लावली की शेजारी दुचाकींची हँडलं येतात.

गेल्या वर्षी पुतणीला बघायला मंडळी आली. पोहे आत, नाना खाली पार्किंगमध्ये. वर येऊन त्यांनी काकूंच्या कानात निकाल सांगितला, "माणसं बरी दिसतात, पण गाडी कोरडी पुसतात."

"मुलगा इंजिनिअर आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर वाईट वाटतं."

लग्न झालं. रुखवतात लाडू-अनारशांच्या ताटांशेजारी नानांनी दोन बादल्या ठेवल्या, जाळीसकट. पुतणीच्या सासूबाईंना त्या फार आवडल्या. जाळ्या काढून त्या एकीत तांदूळ ठेवतात, दुसरीत गहू.