मास्तरांचं काचघर

आमच्या लहानपणी भंडाऱ्यात बागेतली काच म्हटली की ती कंपाऊंडच्या भिंतीवर असायची. सिमेंट ओलं असतानाच बाटल्यांचे तुकडे त्यात उभे खोवायचे, टोक आभाळाकडं आणि धार गल्लीकडं. आत एक आंबा, दोन पेरू, जमलं तर सीताफळ. बाहेर आम्ही. लहान मुलांना बागेतल्या काचेपासून कसं जपावं, याची चिंता करणारे देश जगात आहेत हे फार पुढं कळलं. आमच्याकडं बागेला मुलांपासून जपायचं होतं आणि त्यावर काच हाच उपाय होता. ज्यांच्याकडं काच नव्हती ते कुत्रा पाळत. कुत्र्याला शिळी पोळी टाकून फितवता येई. काच पोळी खात नसे.

त्या भिंती वाचता येत. तपकिरी तुकडे जास्त दिसले की मालक गळ्यात माळ घालत असला तरी संध्याकाळचा त्याचा हिशेब गल्लीला समजायचा. औषधाच्या पातळ बाटल्या दिसल्या की घरात कुणीतरी कायम आजारी, म्हणजे दुपारी कुणीतरी जागं. तिथं जायचं नाही. आणि सगळ्यात भारी भिंत म्हणजे गोटीसोड्याच्या जाड, हिरवट काचेची. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं काढली, १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. वायूच्या दाबानं गोटी वर चढून तोंड बंद करते. त्या गृहस्थाला कल्पना नसेल, पण फुटकी बाटली मिळाली की आधी गोटी आम्ही काढून घेत असू आणि उरलेली बाटली भिंतवाले नेत. गोटी आमच्या खिशात, बाटली आमच्याविरुद्ध भिंतीवर.

चढण्याचं शास्त्र होतं. पोतं चौपदरी घडी करून टाकायचं, दुहेरी पुरत नाही. पावसाळ्यात चढायचं नाही, शेवाळावरून पाय सटकतो आणि मग पोतं एकीकडं, माणूस एकीकडं. जखम झाली तर घरी बोलायची सोय नसे. कारण मांडीवरची चीर पाहून आईला झाडाचा पत्ता कळायचा. दवाखान्यात धनुर्वाताची सुई, घरी पाठीत धपाटा, आणि पेरू मात्र ज्यानं खाली उभं राहून झेलला त्याच्या पोटात.

बरं, काचेपासून आम्हाला दूर ठेवावं असं कुणाला वाटत होतं म्हणावं, तर तसंही नाही. कंदिलाची काच पुसायचं काम हमखास पोरांचं. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानं महाराष्ट्र उजळला असं म्हणतात. उजळला, पण त्याची काजळी राखेनं घासून काढायला मोठ्यांचा पंजा आत जात नव्हता. लहान हात आत जायचा, फिरायचा आणि कधीकधी लाल होऊन बाहेर यायचा. मग आरडाओरडा व्हायचा, तो काच फुटली म्हणून. संक्रांतीच्या आधी तर आम्ही स्वतःच काचेचे कारखानदार. गेलेले बल्ब जमवायचे, खलबत्त्यात कुटायचे, फडक्यातून गाळायचे आणि धानाच्या जिल्ह्यात कमी नसलेल्या भाताच्या पेजेत कालवून मांजा सुतायचा. खलबत्ता धुऊन जागेवर. दुसऱ्या दिवशी आजी म्हणायची, कुटात कचकच लागते, यंदाचे शेंगदाणे काही चांगले नाहीत.

गंमत अशी, की आमचं गाव पितळेचं. भंडाऱ्याच्या भांड्यांचं नाव लांबवर होतं. पितळेचा गुंड पायऱ्यांवरून गडगडत आला तर पोचा पडतो, मोहल्ला जागा होतो, आणि संपलं. रक्त नाही, केरसुणी नाही, ‘चपला घालून या रे’ नाही. अशा गावाला काचेचा सोस लागला कुठून, देव जाणे.

तर मास्तर. आमच्या गल्लीतले निवृत्त विज्ञान शिक्षक. त्यांची भिंत सगळ्यात कडक. तुकडे सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर, आलेखाच्या कागदावर काढल्यासारखे. आमच्या पिढीतल्या निम्म्या मांड्यांवर मास्तरांची सही आहे. मास्तर लेकीकडं इंग्लंडात काही महिने राहून आले आणि काचघराचं वेड घेऊन आले.

तिथं म्हणे ज्याच्या घराला वाडी नाही त्याला नगरपालिका भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा भाड्यानं देते. १९०८ सालचा कायदाच आहे. मोठ्या शहरांत त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. अशा तुकड्यावर इंग्रज माणूस एक काचघर उभारतो आणि थंडीनं काकडणारा टमाटर त्यात ऊब घेत बसतो. इंग्लंडात काचेवर कर होता, तो १८४५ साली उठला. काच स्वस्त झाली आणि सहाच वर्षांत लंडनच्या हाइड पार्कात जवळजवळ तीन लाख तावदानांचा स्फटिक महाल उभा राहिला. तो बांधणारा जोसेफ पॅक्स्टन मुळात माळी. आपल्या मालकाच्या काचघरात त्यानं दक्षिण अमेरिकेतलं राक्षसी कमळ फुलवलं आणि पान किती वजन पेलतं हे पाहायला १८४९ साली आपल्या लहान मुलीला, ॲनीला, त्या पानावर उभं केलं. पानामागच्या शिरांच्या जाळीवरून त्याला महालाच्या छपराची कल्पना सुचली. मास्तर ही गोष्ट पोट्ट्यांना फार रंगवून सांगतात. एकानं विचारलं, “मंग तिनं काच फोडली का जी?”

नाही फोडली, असं मास्तर म्हणाले. पोट्ट्यांचा त्या मुलीतला रस संपला.

मास्तरीणबाईंचा सवाल यापेक्षा अवघड होता. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. नवतपात कुलरपुढंही घाम येतो. “लोकं ऊन घराबाहेर ठेवाले पैसे लावतेत,” त्या म्हणाल्या, “तुमी ऊन पकडून आनाले लावून रायले.” मास्तरांनी हिवाळ्यातली थंडी, रोपांची उगवण, किडीपासून संरक्षण असं बरंच सांगितलं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांची हरितगृहं प्लॅस्टिकच्या कापडाची असतात आणि उन्हाळ्यासाठी हिरवी जाळी असते, हे त्यांना कृषी खात्याच्या माणसानंही सांगून पाहिलं. पण मास्तरांनी काच पाहिली होती.

काच आणली कबाड्याकडून. पाडलेल्या घरांच्या खिडक्या, न्हाणीघराची फुलाफुलांची काच, आणि एका बंद पडलेल्या किराणा दुकानाचं तावदान, त्यावर लाल रंगात ‘आज रोख उद्या उधार’. हे नेमकं मिरचीच्या रोपांवर आलं. एक जाड, जड काच कुठल्याशा शोरूमच्या दाराची होती, ती कापून दोन भाग करायचे असं मास्तरांच्या मनात. काचवाल्यानं कोपऱ्यातला बारीक शिक्का पाहिला आणि हिऱ्याची कलम परत खिशात टाकली. “हे कटत नाही जी. टफन आहे.”

“काच आहे ना? मग कापली पाहिजे.”

“रवा होते.”

मास्तरांनी जबाबदारी घेतली. काचवाल्यानं पोतं टाकलं, आम्हाला लांब उभं केलं, कडेला एक चरा ओढून हलकेच ठोकलं. फाडकन आवाज झाला आणि पोत्याखाली खडीसाखरेचा ढीग. या काचेला सहाशे अंशांच्या वर तापवून वरून गार हवेचे झोत मारतात. बाहेरची साल आधी आवळते, आतला गाभा मागून आवळत राहतो, आणि सगळी काच कायम ताणात उभी असते. त्यामुळं ती साधीपेक्षा चार-पाच पट दणकट होते, पण कुठं एकदा साल फुटली की सगळी एकदम जाते. म्हणून जे कापायचं ते तापवण्याआधी. बारीक खडे बोथट असल्यामुळं माणूस खरचटतो, चिरला जात नाही. साध्या काचेचं उलटं. तिचे लांब सुरे होतात आणि ते खाली येताना कोण उभं आहे ते पाहत नाहीत. मास्तरांनी ढिगाकडं बघत हे सगळं आम्हाला समजावलं, जणू तो प्रयोग अभ्यासक्रमातच होता. काचवाला पैसे मोजून घेत म्हणाला, “तेच तं म्हनत होतो.”

म्हणजे ज्या एका काचेपासून पोट्ट्यांना भीती नव्हती तीच गेली, आणि उरली सगळी सुऱ्यांची.

तेवढ्यात लेकीचा फोन. डिसेंबरात नातवंडं येणार. “बाबा, त्या भिंतीवरच्या काचा आधी काढून घ्या, नाहीतर मी मुलांना वाडीत सोडणार नाही.” मास्तरांनी मन घट्ट करून छन्नी लावली. जी भिंत आमच्या अख्ख्या पिढीपुढं वाकली नाही, ती एका फोननं सपाट झाली. आम्ही काही जुने लोक मुद्दाम बघायला गेलो. भिंत सपाट झाल्याची बातमी गल्लीतल्या पोट्ट्यांना आमच्याही आधी लागली होती. संध्याकाळपर्यंत पेरूचं झाड निम्मं रिकामं आणि वाडीत क्रिकेट सुरू. एका बाजूला तोंडली, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा, आणि गोलंदाजाच्या पाठीमागं ‘आज रोख उद्या उधार’.

आता मास्तरांची खरी परीक्षा. काच लावून पोरांना दूर ठेवायचा चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी, पण पोरांत काच ठेवायची तर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. लेकीनं उपाय सांगितले. खालची काच आधी बदला, कारण पोर धडकतं ते खालीच. इंग्लंडात इमारतींच्या नियमांत खिडकीची जमिनीपासून ८०० मिलीमीटरपर्यंतची काच धोक्याची धरतात. दीड वर्षाचं पोर साधारण तेवढंच उंच असतं. आपल्याकडंही भारतीय मानक ब्यूरोची इमारतींतल्या काचेवर संहिता आहे, आणि तिचा एक भाग माणूस काचेवर आपटण्यालाच वाहिलेला. मास्तरांना हे कळल्यावर इतका आनंद झाला, की दोन दिवस ते कुणालाही थांबवून ८०० हा आकडा सांगत होते. मग त्यांनी खाली सगळीकडं पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले. दगड मारला तरी फुटत नाहीत, उन्हानं वर्षागणिक पिवळे पडतात तेवढंच. वरच्या काचांना आतून चिकटफिल्म लावली, म्हणजे फुटली तरी तुकडे लोंबकळत राहतात.

ही युक्तीही अपघातातूनच निघालेली. १९०३ साली बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून काचेची कुपी पडली. ती तडकली, पण विखुरली नाही, कारण आतल्या द्रावणाचा थर सुकून काचेला चिकटला होता. आज मोटारीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये असाच पडदा असतो. मास्तरीणबाईंनी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “बाटली धुवून ठेवली असती तं?” मानवजातीचं किती नुकसान झालं असतं याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांच्या घरात न धुतलेली बाटली राहत नाही, एवढाच मुद्दा होता.

काचघराच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीचा झेंडूचा वाफा केला, म्हणजे पळत येणाऱ्याला थांबायला जागा. काचेवर डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे पोरांच्या डोळ्यांच्या, रंगीत पट्ट्या लावल्या. स्वच्छ काच पोराला दिसत नाही. इतकं सगळं झाल्यावर एका सकाळी वांदरांची टोळी आली. आमच्या गावात वांदरांना टिनाचे पत्रे पाठ असतात, काचेचं छप्पर त्यांनी पाहिलं नव्हतं. दोन तावदानं गेली. फिल्ममुळं तुकडे वरच लोंबत राहिले, वांदरं मात्र निर्धास्त मास्तरांच्या कुंड्या चिवडत बसली. इंग्लंडच्या एकाही नियमात यांचा उल्लेख नाही, अशी तक्रार मास्तरांनी लेकीकडं केली.

पण या सगळ्यांपेक्षा जास्त चाललेला नियम पोट्ट्यांनी स्वतः केला. काचेला चेंडू लागला की आऊट. षटकार असो, झेल सुटलेला असो, आऊट. त्या दिवसापासून काचघराच्या दिशेनं एकही उंच फटका गेला नाही, इतकी फलंदाजी सुधारली. विकेट वाचवायला पोर जे करेल ते मास्तरांच्या भिंतीनं कधी करवून घेतलं नव्हतं. टमाटरही बरे लागले, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत. मार्चात आतली रोपं शिजायला लागली, तेव्हा मास्तरांनी काचेवर हिरवी जाळी पसरली. ऊन आत आणायला काच आणि ऊन बाहेर ठेवायला जाळी, हे पाहून मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

मास्तर आता वाडीत खुर्ची टाकून अंपायर असतात. भांडण रोज एकच. चेंडू वर काचेला लागला की खाली पत्र्याला? काच टणकते, पत्रा ढप्प वाजतो, असा मास्तरांचा शास्त्रीय निकष. परवा इंग्लंडहून आलेला नातू बाद दिला, तर तो रडकुंडीला येऊन इंग्रजीत वाद घालू लागला. गल्लीतला यष्टिरक्षक मास्तरांच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “टन वाजला जी, म्या आयकला. तुमचा नातू हाये म्हून सोडू नोका.”

मास्तरांनी बोट वर केलं. नातवानं बॅट झेंडूच्या वाफ्यात फेकली, आणि आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, झेंडू कोणी तुडवला म्हणून.