साताचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक जुनीच वस्तू नव्या कामाला जुंपली: भोंगा. संध्याकाळी सातला देवळावरून तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुटका. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. (दुसरी अट जास्त कडक.)

टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा उघडल्या, पण तो काही सुटेना.

शहरी शहाण्यांना असला गावठी भोंगा कसा चालावा? त्यांच्यासाठी ॲपल आणि गूगल या दोघांनीही २०१८ मध्ये फोन आवरायची सोय फोनमध्येच करून दिली. तास मोजा, मर्यादा ठरवा, मर्यादा संपली की पडदा बजावतो. आयफोनवर त्या सूचनेखालीच ती झुगारायचं बटणही असतं. चोरानेच कुलूप विकावं आणि किल्ली दाराला लटकवून जावं, तसं.

वडगावच्या भोंग्याला असं बटण नाही. त्याची बातमी बीबीसीपर्यंत पोहोचली. अनेकांनी ती कौतुकाने वाचली, पुढेही पाठवली. अंथरुणात पडल्यापडल्या, मोबाइलवरूनच.